लाल फुलांचा घेवडा

मंजुळेनं कुंपणावरचं आणखी एक लाल फूल खुडलं, आणि पलीकडून तिच्या तोंडावर गार पाण्याचा फवारा आला.

"अगं आई गं!"

वेलाआडून एक तरुण चेहरा वर आला. हातात पिचकारी. "माफ करा हं... घेवड्यावर पाणी मारत होतो. नायतर फुलं गळतात." मग त्याची नजर तिच्या ओंजळीवर गेली आणि माफी तिथंच संपली. "ही तुम्ही तोडली? अवो, फूल गेलं की शेंग गेली!"

"आमच्या अंगणात लोंबत होती. देवाला वाहीन... बिघडलं कुठं?"

"तुमच्या देवाला भाजी आवडत नाय व्हय?"

मंजुळेला हसू फुटलं. ते दिसू नये म्हणून ती पाठमोरी झाली.

हा बन्सी. दौलताबादच्या शेतकऱ्याचा मुलगा, छावणीच्या पोस्टात कारकून, शेजारच्या घरात भाड्यानं राहणारा. बदलीवर गेलेल्या एका लष्करी साहेबाच्या बाईंनी त्याला हे बी दिलं होतं. या घेवड्याला औरंगाबादचं ऊन सोसत नाही, म्हणून त्यानं तो दिवाळीनंतर लावला. आता थंडीत वेल असा फुलला होता, की येणाऱ्या-जाणाऱ्यानं थबकावं. मंजुळा शिवण शिकायला आत्याकडे, द्वारकाबाईंकडे आलेली. पण शिवणापेक्षा कुंपणापाशीच तिचा जीव रमू लागला. रोज तिनं फूल खुडायचं, रोज त्यानं भांडायचं. ज्या दिवशी भांडण होत नसे, त्या दिवशी दोघांनाही जेवण गोड लागत नसे. आता याला प्रेम म्हणायचं नाही तर काय? पण बोलून दाखवायचं कुणी? एवढा भांडखोर बन्सी, नेमका तिथंच मुखदुर्बळ.

"रविवारी पैठणचे पाहुणे मला बघायला येणार हायेत," एकदा ती म्हणाली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"असं व्हय... बरं," बन्सी म्हणाला. बस्स, एवढंच!

रविवारी सकाळी त्यानं कुंपणावरून टोपली पुढं केली. टोपली लाल फुलांनी भरलेली. "केसात माळा. लई शोभतील तुम्हाला."

मंजुळेनं वेलाकडे पाहिलं. वेलावर एक फूल उरलं नव्हतं.

"एकेका फुलापायी माझ्याशी भांडत होतात ना? अन् आता दुसऱ्यानं मला पसंत करावं म्हणून सगळा वेल ओरबाडला?" तिचा आवाज कापू लागला. "फुलं नकोत मला, बन्सी. मला... तुम्ही..."

डोळे पुसत ती स्वयंपाकघरात पळाली.

बाहेरच्या खोलीत आत्या सतरंजी अंथरून तक्क्या मांडत होत्या. तेवढ्यात दार वाजलं. मंजुळेनं आतून डोकावलं. बन्सी तरातरा आत आला आणि थेट तक्क्याला टेकून बसला.

"अरे, ती पाहुण्यांची जागा हाय! पैठणची एस.टी. येईलच आता."

"म्हणून तर आधी आलो, काकू. मी... मुलगी बघायला आलोय."

आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दाराआडच्या भाचीच्या रडव्या डोळ्यांकडे.

"एकट्यानं येतात व्हय रे मुलगी बघायला? उद्या आईला घेऊन ये. हिच्या बापाला, दादाला, मी सांगते, अन् पैठणकरांना चहा पाजून खरं काय ते सांगू. पण आधी पोरीचं म्हणणं कळू दे. मंजे, पोहे आण!"

डोक्यावर पदर घेऊन मंजुळेनं बशी त्याच्यापुढं ठेवली. अशा वेळी जे विचारायची रीत असते, तेच त्यानं कसंबसं विचारलं.

"नाव... काय तुमचं?"

"मंजुळा," ती म्हणाली. मग मान वर करून, आत्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्या, मुलगा पसंत हाय मला."