गवताच्या बाजूनं

कुणी सांगितलं नव्हतं तरी आण्णासाहेबांच्या नव्या मंगल कार्यालयाच्या दारातला वाफा शिवरंजनीनं पाऊण तासात साफ केला.

ती आणि तिची आत्या तुळजाबाई शेतातून थेट तिथं आल्या होत्या. मुरुम गावाच्या बाहेर, उमरग्याच्या रस्त्याला हे कार्यालय बांधून होत आलं होतं. तुळशीचं लग्न झालं की इथली लग्नं सुरू होणार, आणि हारांना गुलछडी शंकरप्पांच्या मळ्यातली घ्यायची का, ते विचारायचं होतं. शंकरप्पा म्हणजे शिवरंजनीचे वडील. आण्णासाहेब जेवायला गेलेले. श्रावणाची भुरभुर नुकती थांबलेली, माती लोण्यासारखी मऊ... आणि समोर वाफाभर गवत.

आता जिचा जन्म खुरपण्यात गेला तिच्यापुढं असं गवत ठेवून तिला बसून राहा म्हणायचं, हे जरा अतिच. आधी एक ठोंब निघाला. मग त्याच्या शेजारचा. मग पिशवीतलं खुरपं निघालं. मग आत्यानंही पदर खोचला.

शेवटचा ठोंब ढिगावर टाकून शिवरंजनी उभी राहिली, कंबर सरळ केली, आणि वाफ्याकडं मोठ्या कौतुकानं बघितलं.

तेव्हा तो आला.

खांद्यावर पाण्याचा पाइप. गुडघ्यापर्यंत चिखल. आधी वाफ्याकडं बघितलं, मग ढिगाकडं, मग तिच्याकडं.

"हे... तुम्ही काढलं?"

"व्हय," ती म्हणाली. "कुंदा लई माजला होता."

तो पाइपासकट खाली बसला.

"कुंदा न्हाय ते. मी लावलंय."

गवत. लावलंय. तुळजाबाईंनी त्याला विचारलं की बाबा, तुला ताप वगैरे आहे का. तो नाही म्हणाला. त्याचं नाव विरुपाक्ष. रोपवाटिकेचं शिक्षण घेऊन तीन वर्षं पुण्यात चुलतभावाच्या नर्सरीत काढलेली, आणि आता गावातच काहीतरी करायचं म्हणून परत आलेला. हे शोभेचं गवत होतं. नर्सरीवाले त्याला फाउंटन ग्रास म्हणतात. थंडीच्या तोंडाला त्याला मऊ, तांबूस तुरे येतात. हा वाफा नमुन्याचा. आण्णासाहेबांना पसंत पडला तर मागची दोन एकर बाग त्याच्याकडं, नाहीतर परत पुणे.

शिवरंजनीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

त्यानं ढिगातला एक ठोंब उचलला. उलटा केला. दुसरा उचलला, तिसरा. आणि मग त्यानं मान वर करून तिच्याकडं असं बघितलं, जसं कुणी कुणाचं गाणं ऐकल्यावर बघतं.

"एकाचंबी मूळ तुटलेलं न्हाय," तो म्हणाला. "असं उपटायला कुणी शिकवलं?"

"कुंदा असाच काढावा लागतो. मूळ राहिलं की परत येतो."

"मग येऊ द्या की परत."

तो हसला. ती हसली नाही... म्हणजे, खाली बघून हसली.

दोघांनी मिळून ठोंब फोडले, एकाचे दोन केले, पाती कापून आखूड केली. अर्धा वाफा लावून झाला आणि आण्णासाहेब ढेकर देत आले. राहिलेला अर्धा, साफ, मोकळा वाफा बघून त्यांना फार आनंद झाला. मग त्यांना सगळं कळलं, आणि आनंद मावळला. माझ्या दारात गवत, ते म्हणाले, लोक काय म्हणतील, आण्णासाहेबाला खुरपायला बाया मिळंनात.

मग त्यांनी न्याय केला. अर्ध्यात ह्याचं गवत राहू दे, अर्ध्यात शंकरप्पाच्या पोरीची गुलछडी. पहिल्या लग्नाच्या दिवशी जे शोभेल तेच मागच्या दोन एकरांत.

घरी जाताना तुळजाबाई खुशीत होत्या. गवताला कोण विचारतंय, म्हणाल्या, बाग आपलीच. शिवरंजनीच्या मनात मात्र एक साधी गोष्ट टोचत राहिली. आपण जिंकलो, की तो गेला.

•

पाटी, गवताच्या बाजूला, रंगानं:
*हे गवत मुद्दाम लावलेले आहे. उपटू नये.*

खाली, खडूनं:
*कुणाला सांगता? गुरांना वाचता येत नाही.*

त्याखाली, रंगानं:
*गुरांना नाही. तुमच्या आत्यांना.*

पाटी, गुलछडीच्या बाजूला, खडूनं:
*इथे कांदे लावले आहेत. भाजीचे नाहीत.*

खाली, रंगानं:
*आहेत कुठे? पंधरा दिवस नुसती माती बघतोय.*

त्याखाली, खडूनं, अक्षर जरा बारीक:
*रोज बघता?*

ह्याच्याखाली काही नाही. रंगाचा एक ठिपका आहे. कुंचला टेकवून उचललेला.

•

सकाळी फुलं सोलापूरच्या गाडीत चढवली की ती यायची. तो आधीच आलेला असायचा. भांडण रोजचं ठरलेलं.

तो म्हणायचा, फुलं काय, आज आहेत उद्या वाळली. गवताला बघा, छाटा, तुडवा, चार दिवसांत परत उभं. ती म्हणायची, उभं राहून करतं काय? वास नाही, रंग नाही. तो म्हणायचा, हलतं. ती म्हणायची, हलायला काय, दोरीवरचा टॉवेलपण हलतो.

एकदा तिनं मातीतून एक कंद उकरून त्याच्या तळहातावर ठेवला. पांढरा कोंब नुकता सुटलेला. बोटं लागली, न लागली...

"ह्याला दोन महिने पोत्यात घालून कोपऱ्यात टाका," ती म्हणाली. "माती न्हाय, पाणी न्हाय. तरी मरत न्हाय. वाट बघतो."

"कुणाची?"

शिवरंजनीनं कंद परत घेतला.

"पाण्याची," ती म्हणाली. जरा उशिरानंच.

•

मंगळवार. तो आला नाही.

बुधवार. नाही.

गुरुवार. तिनं तिच्या बाजूला पाणी दिलं. मग पाइप त्याच्या बाजूला ओढला. मग काम उरलं नाही तरी पायरीवर बसून राहिली. नळदुर्गाकडून वारा आला, आणि गुडघाभर वाढलेलं ते सगळं गवत एकदम वाकलं... आणि एकदम उठलं. पुन्हा वाकलं. जसं कुणी झोपेत लांब श्वास घ्यावा. गुलछडीच्या बाजूला त्याच वाऱ्यानं एक पातं हाललं नाही.

ती अर्धा तास बघत राहिली. मग उठून, इकडं तिकडं बघून, गवतावरून एकदा हात फिरवला.

शुक्रवारी तो आला. पुण्याला गेलो होतो, म्हणाला. चुलतभावानं खोली बघून ठेवायला बोलावलं होतं. पहिल्या लग्नापर्यंत थांबतो म्हणालाय, पुढं नाही.

"खोली कशी हाय?" तिनं विचारलं.

"बरी हाय. खिडकी हाय."

"खिडकीतून काय दिसतं?"

"दुसऱ्याची खिडकी."

त्या दिवशी भांडण झालं नाही, आणि दोघांनाही ते बरं वाटलं नाही.

•

पहिलं लग्न.

गुलछडी अशी फुलली होती की शंकरप्पासुद्धा मळा सोडून बघायला आले. फुलांच्या पांढऱ्याशुभ्र काठ्या, फाटकापासून वास. वऱ्हाड गाडीतून उतरायचं आणि आधी नाक वर करायचं. पलीकडं गवतालाही तुरे आले होते, पण भर दुपारच्या उन्हात ते धुळीच्या रंगाचे दिसत होते. कुणी वळूनही बघत नव्हतं. एकानं तर त्यात चप्पल काढून ठेवली.

अक्षता पडल्या तसे आण्णासाहेब फेटा सावरत आले. विरुपाक्षच्या खांद्यावर हात ठेवून, वाईट वाटून घेऊ नको म्हणाले. मग शिवरंजनीकडं वळले.

"शंकरप्पाच्या पोरी, दोन एकर तुझी."

तुळजाबाईंनी तिथंच कडाकडा बोटं मोडली. विरुपाक्षनं मान हलवली, हसायचा प्रयत्न केला, आणि गवतातली चप्पल उचलून बाजूला ठेवली.

ते चप्पल ठेवणं शिवरंजनीला बघवलं नाही.

"आण्णा," ती म्हणाली, "आत्ता ठरवू नका. जेवणं होऊ द्या. चार वाजता बघा."

"अगं, तू जिंकलीस."

"म्हणूनच सांगते. माझी फुलं मला ठावं हायत."

आत्यानं चिमटा काढला. ती हलली नाही. आण्णासाहेबांना ठरलेलं पुढं ढकललेलं आवडत नसे, पण पोरगी अशी काही ठाम उभी होती, की बरं म्हणाले.

पहिली पंगत उठली. एका काकूनं एक काठी मोडली आणि वेणीत खोचली. तिची बघून जावेनं. जावेची बघून विहिणीनं. शिवरंजनीला हे अपेक्षितच होतं. गुलछडी दिसली आणि बाईनं सोडली असं मुरुममध्ये झालेलं नाही. चारला दहा कमी असताना तिच्या बाजूला उघडे देठ उरले होते, आणि सगळं फुललेलं वऱ्हाडाच्या डोक्यांवर फिरत होतं.

आणि ऊन तिरपं झालं.

तुऱ्यांच्या मागून ते आलं आणि त्या धुळकट रंगाला एकदम तांब्याची झाक चढली. वारा सुटला. अर्धा वाफा वाकला, उठला... फोटोग्राफर मांडवातून धावतच आला. नवरा-नवरीला त्यानं गवतात उभं केलं. नवरीच्या वेणीत गुलछडी, मागं हलते तुरे. मग करवल्या. मग मामा-मामी. रांग लागली. आण्णासाहेब थोडा वेळ रांगेकडं बघत राहिले, मग आपणच पुढं घुसले, गवतात उभे राहिले आणि फोटोग्राफरला फेटा नीट येऊ दे म्हणाले.

"मग फुलं नकोत म्हणतेस?" फोटो झाल्यावर त्यांनी तिला विचारलं.

"पायजेत की. पण गवताच्या मधी मधी लावायची. बायांनी नेली तरी तुमचं दार ओकंबोकं दिसायचं न्हाय."

आण्णासाहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. दोन एकर दोघांनी मिळून करा, म्हणाले, आणि दुसऱ्या पंगतीला निघून गेले.

तुऱ्यांपाशी दोघंच उरले.

"दोन एकर हातातली घालवलीस," विरुपाक्ष म्हणाला. "का?"

"गुलछडी दोन एकर घरी हाय माझ्या." ती गवताकडं बघत होती. "तुम्ही एकच होतात... आणि पुण्याला चालला होतात."

वारा दोनदा आला आणि गेला. मग त्यानं खिशातून फोन काढून तिथंच, तिच्यासमोर, पुण्याच्या चुलतभावाला लावला. दादा, खोली दुसऱ्या कुणाला दे, म्हणाला, मी येत न्हाय. पलीकडून कारण विचारलं गेलं.

"लग्न हाय," विरुपाक्ष म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून लाल झाला.

"कुणाचं?" दादाचा आवाज फोनमधून बाहेरपर्यंत आला.

विरुपाक्षनं तिच्याकडं बघितलं. शिवरंजनीनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"आमचं," ती म्हणाली. "थांबा जरा, आण्णांना विचारते हॉल कधी मोकळा हाय ते."