साखरेवरचं पाऊल

सकाळीच गहू शिजवून घेतले. स्मृतिदिनाला गावातल्या प्रत्येक घरचं ताट चौकातल्या पुतळ्यापाशी जातं. गव्हात डाळिंबाचे दाणे, वर दाबून गुळगुळीत केलेली पिठीसाखर, आणि सोबत घरच्या मृतांच्या नावांचा कागद. चर्चचे पाद्री पापा-लाझारोस ती नावं प्रार्थनेत वाचतात. ज्याचं नाव वाचलं जात नाही, तो वाटेवरच राहतो म्हणतात.

आमच्या कागदावर अकरा नावं. काळ्या समुद्राकाठच्या आमच्या गावांत कत्तल करून शिपायांनी उरलेल्यांना बर्फातून हाकललं, तेव्हाची. बारावं फक्त मला ठाऊक होतं. माझी पार्थेनाआजी मरताना कानाशी बोलली होती, “केरेकी... माझी तीन वर्षांची लेक. कडेवर तान्हं, डोक्यावर बोचकं... हात सोडला गं मी तिचा. तिचं नाव वाचून घे.”

लोक आजीला काय म्हणतील, म्हणून मी ते लिहिलंच नाही. पुढे मारियामातेला नवस बोलले, नात होऊ दे, लिहीन. थेक्ला झाली, तीन वर्षांची झाली. नवस तसाच.

“वहिनी, गव्हावर साखर घातलीय की साखरेवर गहू?” नणंद अनातोली हसली, मग वाकली. “अगं, थेक्लानं ताटात पाय दिला की काय!”

साखरेत इवलंसं अनवाणी पाऊल. थेक्ला तर बूट घालून अंगणात होती. मी साखर सारखी केली.

चौकात ताटावरचं कापड उचललं... आता दोन पावलं.

समोर ब्राँझची बाई. कडेवर मूल, डोक्यावर बोचकं, एक हात मागे, रिकामा. तिच्याकडे पाहायचं मी नेहमी टाळायचे.

“पापा, पेन द्या.”

कागदाच्या तळाशी मी बारावं नाव लिहिलं.

“ही कोण, सिमेला?”

“आजीची लेक. वाटेत... हात सुटला नाही, पापा. सोडला.”

त्यांनी कागद घेतला, नाव मोठ्यानं वाचलं. मी डोळे पुसले. वाटलं, सुटली बिचारी.

थेक्लानं माझा झगा ओढला. “आजी, ती विचारते, तू पण सोडशील का?”

“कोण गं?”

थेक्लाचा एक हात माझ्या हातात होता. दुसरा बाजूला, हवेत, कुणीतरी धरल्यासारखा.

“नाही सोडणार,” मी म्हटलं. “सांग तिला.”

घरी पोचेपर्यंत तो हात खाली आला नाही. दारात मी तिची मूठ उघडली. मे महिन्याचं रखरखीत ऊन होतं, आणि तिच्या तळव्यावर बर्फ.