दिसलं का, वहिनी?

गोदीत क्रेनला खुणा करणाऱ्या माणसाला हात राखावे लागतात. राखायचे म्हणजे तेल लावून चोळायचे नव्हे, उगाच उचलायचे नाहीत. वर केबिनमध्ये बसलेल्याला खालचं बोलणं ऐकू येत नाही, त्याला फक्त हात दिसतो. हात वर गेला की माल वर, आणि बोट जिथं वळेल तिथं पाच टन लोखंड. म्हणून काम नसेल तेव्हा मास्तर हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. मास्तर हे त्याचं गोदीतलं नाव. वरून तो बँडमास्तरसारखा दिसतो म्हणून पडलेलं. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याचे हात पाठीमागेच आहेत. आल्यागेल्याला तो फोटो दाखवून त्याची बायको म्हणायची, "बघा, जसं काही चोरी करून आलेत."

तीन दिवसांची रजा त्यानं पाहुण्यांसाठी काढली होती. कॉलेजात एका खोलीत दोन वर्षं राहिलेला लंब्या वीस वर्षांनी येणार होता, बायकोला घेऊन. वहिनीला मास्तर पहिल्यांदाच बघत होता. ठेंगणीशी, जाड भिंगांचा चष्मा, हसताना तोंडावर हात. आल्या आल्या तिनं मास्तरच्या बायकोच्या हातचं काम काढून घेतलं आणि अर्ध्या तासात दोघी जन्माच्या मैत्रिणी झाल्या. एकच गोष्ट चुटपुट लावून गेली. मास्तरची दहा वर्षांची मुलगी पोहण्याच्या स्पर्धेला परगावी गेली होती, ती तिसऱ्या दिवशी यायची होती.

"आम्ही निघायच्या आत येईल ना हो, भावजी?" वहिनीनं विचारलं.

"येईल की," मास्तर म्हणाला.

पहिल्या दिवशी तो त्यांना पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर घेऊन गेला. तिथून सगळं शहर दिसतं. नदी, दोन पूल, बाजाराचं पत्र्याचं छप्पर, पलीकडे गोदीतल्या क्रेन. आपलं शहर दाखवताना माणूस जरा फुशारतो, तसा मास्तरही फुशारला होता. ही माझी शाळा, हा पूल मी सहावीत असताना बांधला गेला, असं सगळं चाललं होतं. बाजाराच्या कोपऱ्यावर वह्यापुस्तकांचं जुनं दुकान होतं. त्याच्या पिवळ्या पाटीवरची अक्षरं लावत मास्तर वाचायला शिकला होता.

"कुठं? मला नाही दिसत," वहिनी म्हणाली.

"राहू दे रे," लंब्या म्हणाला. त्याचे हात पँटच्या खिशात होते. "तिला नुसतं सांग. कळतं तिला."

पण दाखवायला आणलेल्या माणसाला नुसतं सांगून कसं भागेल? मास्तरनं हात उचलला. खांद्यापासून सरळ, एक बोट. वहिनी जवळ आली, त्याच्या दंडाला गाल टेकवला आणि एक डोळा मिटून बोटाच्या रेषेत बघू लागली. गाल गार होता. मास्तर अवघडला, पण बोट हलवलं नाही. कामाची सवय.

"दिसली," वहिनी म्हणाली.

तासाभरानं ते बाजारात उतरले तेव्हा दुकानासमोर गर्दी होती. पाटी दोन्ही खिळ्यांतून निसटून खाली आली होती. दुकानाची काच तिनं उभी चिरली होती आणि आत गल्ल्याजवळच्या खुर्चीची पाठ मोडली होती. खुर्ची रिकामी होती. दुकानदार तेवढ्यात पाणी प्यायला उठला होता.

"तुमची दृष्ट लागली, वहिनी," मास्तर हसत म्हणाला. वहिनीही तोंडावर हात ठेवून हसली. लंब्या हसला नाही.

दुसऱ्या दिवशी गोदी. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मास्तरला सुट्टीच्या कपड्यांत बघून सलाम ठोकला. पाहुण्यांना डोक्याला घालायला पिवळ्या टोप्या मिळाल्या. वहिनीची टोपी भुवयांपर्यंत आली आणि ती लहान मुलीसारखी खुलली. मास्तरनं लंब्याला फोनवर गोदीतल्या कुत्र्याबद्दल बऱ्याचदा सांगितलं होतं. भोंगा वाजायच्या आधी दोन मिनिटं रोज जेवणाच्या शेडपाशी हजर होणारा.

"तो आहे का आज?" वहिनीनं विचारलं.

कुत्रा तिकडेच होता, पाइपांच्या ढिगाच्या सावलीत पसरलेला. मास्तरनं बोट केलं. पुन्हा तो गार गाल दंडावर.

"दिसला."

पाच मिनिटंही झाली नसतील. ते शेडकडे वळतात तोच मागून माणूस ओरडला. फोर्कलिफ्ट मागे येत होती. तिच्या चालकानं दहा वेळा तो कोपरा घेतला होता आणि दहाही वेळा कुत्रा उठून बाजूला झाला होता. या खेपेला तो उठला नाही. चाक कमरेवरून गेलं. पुढचे दोन पाय मात्र बराच वेळ जमीन खरवडत राहिले, जसं काही अर्ध्या अंगाला बातमी पोचलीच नव्हती. शेवटी मास्तरनंच फावडं आणलं आणि त्याचं दुखणं संपवलं. दोन घाव लागले. पहिला नीट बसला नाही.

त्यानं नळावर हात धुतले. रडू येत होतं आणि पाहुण्यांसमोर लाजही वाटत होती. वहिनीनं आपला रुमाल पुढे केला. "बिचारा," ती म्हणाली. तिचे डोळे खरंच भरले होते.

तेव्हाच निघायला हवं होतं. पण वरून हाक आली.

क्रेनच्या केबिनमध्ये बसणारा मास्तरचा जोडीदार. उंटावरचा शहाणा म्हणून सगळे त्याला शहाण्याच म्हणत. अठरा वर्षं एक वर, एक खाली. घरी भावाशी बोलला नसेल इतकं मास्तर शहाण्याशी हातांनी बोलला होता. आज खाली बदली माणूस खुणा करत होता आणि पाइपांचा जुडगा दोराला लटकत होता. शहाण्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पाहुण्यांना बघून, आपण फार थोर माणूस असल्यासारखा, हात हलवला.

"कोण हाक मारतंय?" वहिनी वर बघत म्हणाली. "कुठाय? भावजी, कुठाय?"

कुठाय म्हटलं की मास्तरचा हात आपोआप उठतो. अठरा वर्षं त्या एका प्रश्नाचंच उत्तर तो हातानं देत आला होता. बोट वर गेलं आणि तेव्हाच त्याला पाटी आठवली, कुत्रा आठवला. खाली घ्यावं असं त्याला वाटलं, अगदी स्पष्ट वाटलं. पण माल हवेत असताना बोट हलवायचं नसतं.

"दिसला," वहिनी म्हणाली.

तारेचा दोर तुटला.

आवाज बंदुकीसारखा झाला. पाइप खाली आदळले, माणसं पळाली, आणि दोराचं तुटकं टोक चाबकासारखं वर गेलं. केबिनची काच फुटली. मास्तर वरच बघत होता, त्यामुळे त्यानं सगळं पाहिलं. शहाण्याचा हलवत असलेला हात कोपरापासून गेला आणि त्याच फटक्यात चेहराही. खाली काचांचा पाऊस पडला. मग पिवळी टोपी आली, आतून ओली.

शहाण्याच्या बायकोला सांगायला मास्तरच गेला. ती रडली नाही, त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही रजेवर होता म्हणून," ती म्हणाली. "खाली तुमचा हात असता तर त्यांना काही झालं नसतं."

मास्तरला तिच्या घराचा जिना उतरता येईना. भिंतीला धरून तो पायरी पायरी खाली आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं लंब्याला गच्चीवर गाठलं. कपडे वाळत घातले होते. लंब्या हात खिशात घालून त्यांच्यामध्ये उभा होता.

"हे काय आहे?" मास्तरनं विचारलं.

"काय असणार? अपघात."

"तू तिला कधी काही दाखवतोस का?"

"नाही," तो म्हणाला. "बारा वर्षं झाली."

"मग इथं कशाला आणलंस तिला?"

"तिला माणसं आवडतात रे. आमच्याकडे आता..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. "मी तुला म्हटलं होतं, नुसतं सांग."

तेवढ्यात वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन वर आली. काल रात्रभर तिनंच सगळ्यांना धीर दिला होता. "भावजी, आमची गाडी चारची. मुलगीही चारच्या सुमाराला येते ना? स्टँडवर भेट होईल. फोटोत मला सगळ्या पोरी सारख्याच दिसतात." ती हसली. "तुम्ही दाखवा म्हणजे झालं."

"तिची गाडी सातला आहे," मास्तर म्हणाला. आयुष्यात तो इतकं सफाईदार खोटं पहिल्यांदाच बोलला.

पण जीभ त्याच्या ताब्यात होती, हात नव्हता. स्टँडवर निळ्या कपड्यांतल्या पोरींचा घोळका दिसेल, कुणीतरी म्हणेल कुठाय, आणि हा हात उठेल. मालकाला न विचारता उठेल. अठरा वर्षं त्यानंच त्याला तसं शिकवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते लोक गमतीनं म्हणतात.

तो खाली उतरला. इमारतीचं लोखंडी फाटक जड होतं, बिजागरीजवळ दोन बोटांची फट. मास्तरनं उजव्या हाताची चार बोटं फटीत घातली, डोळे मिटले, आणि डाव्या हातानं फाटक ओढून घेतलं.

ऐकू आलं ते त्याला आधी लाकूड मोडल्यासारखं वाटलं. तर्जनी अजून सरळ होती. त्यानं फाटक उघडलं आणि पुन्हा ओढलं.

बायको धावत आली. "अहो, हे काय केलंत! वेड लागलंय का तुम्हाला?" ती त्याला मारतही होती आणि पदरानं रक्तही पुसत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, पण त्या हाताकडे बघून तिनं वाद घातला नाही. स्टँडवर येऊ नकोस म्हणाला तर ती शहाण्याच्या घरी बसायला गेली. दवाखान्यात बोटांना फळ्या बांधल्या आणि वर पांढरं गाठोडं केलं. डावा हात मास्तरनं पट्ट्यात खोवला आणि कातडी वळ पडेपर्यंत पट्टा आवळला.

पावणेचारला त्यानं पाहुण्यांना स्वतः गाडीत बसवलं. वहिनीला खिडकी मिळाली. तिनं त्याच्या बँडेजवर हलकेच हात ठेवला. "फाटकाकडे लक्ष द्यायला नको का, भावजी? जपा हो." लंब्या नुसता बघत होता. त्याला कळलं होतं. त्यानं मान खाली घातली.

मास्तर वळला. स्टँडचं मोकळं आवार ओलांडून पार पलीकडच्या भिंतीपाशी गेला. आता गाडी सुटेल. इंजिन सुरू झालं होतं. त्याला दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

तेव्हा मुलींची गाडी आली.

दहा मिनिटं आधी. ती थेट पाहुण्यांच्या गाडीला लागून उभी राहिली. निळ्या कपड्यांतल्या पोरी बॅगा घेऊन उतरल्या. सगळ्या सारख्या, ओल्या केसांच्या. आयाबाप पुढे झाले. एकेक पोर कुणाच्या तरी कुशीत गेली.

त्याची मुलगी एकटी राहिली. गळ्यात पदक होतं. ती बरोबर वहिनीच्या खिडकीखाली उभी राहून टाचा उंच करून त्याला शोधत होती.

हाक मारावी तर दोन इंजिनांच्या आवाजात पोचणार नाही. पळत जावं तर तिकडेच जावं लागेल.

खिडकीतून चष्मा बाहेर आला.

गोदीच्या गोंगाटात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला ओठ वाचता येतात. वहिनी विचारत होती, "कुणाला शोधतेस, बाळा?"

मुलगी वर बघून काहीतरी म्हणाली.

मग तिला तो दिसला. तिचा चेहरा उजळला. दोन दिवसांत मास्तरनं इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

"कुठं आहेत?" वहिनी म्हणाली. "दाखव ना मला."

लंब्यानं वहिनीचा खांदा धरलेला मास्तरला दिसला. वहिनीनं तो हळूच बाजूला केला.

मुलीनं हात उचलला. खांद्यापासून सरळ, एक बोट. वहिनी खिडकीतून वाकली आणि तिनं त्या बारक्या दंडाला गाल टेकवला. एक डोळा मिटला.

मास्तर तिच्या ओठांकडे बघत होता. फक्त एक शब्द येऊ नये. दिसली, असं येऊ नये. बाकी काहीही चालेल.

ओठ हलले.

"दिसले."

मास्तरनं श्वास सोडला. दिसले म्हणजे पोर नव्हे, तो स्वतः. इतकं हायसं त्याला कधी वाटलं नव्हतं. मग मुलगी आनंदानं एक पाऊल पुढे आली, त्याच्याकडे पळत यायला. त्यानं पांढरं गाठोडं छातीसमोर उंच धरलं. थांब. तिथंच थांब.

पोर गुणाची. ती थांबली. बोट तेवढं तिनं खाली घेतलं नाही.