केवळाबाईंची फाईल

लातूरच्या एका लोकसाहित्य संस्थेत धम्मानंदकडं जुन्या ध्वनिमुद्रणांचं काम होतं. संगणकाच्या शंभर-सव्वाशे टेप, आणि त्यांवर गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या. टेप वाचणारं यंत्र एकच, त्याच्या टेबलावर. मे महिन्यात त्यानं ते नेटवर्कवर जोडून दिलं, म्हणजे नांदेडच्या शाखेतल्या गीतांजलीला तिथं बसूनच ओव्या ऐकून लिहून काढता येतील. तिच्या स्क्रीनवर ते साध्या फोल्डरसारखं दिसायचं. तिनं तिकडं फाईल उघडली की इकडं यंत्राचा दिवा लुकलुकायचा, आतली फीत सरसर पळायची आणि मिनिटभरानं नांदेडात आवाज सुरू व्हायचा.

रेणापूरची टेप त्यानं तिच्या सांगण्यावरूनच लावली. तिची आई केवळाबाई त्यात गायली होती. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि गीतांजलीकडं तिचा आवाज दुसरा कुठंच नव्हता.

मंगळवारी दुपारी फोन आला.

"सर, यादीत आईची फाईल बेचाळीस मिनिटांची हाय. इथं सत्तेचाळीस दाखवून राहिली."

"यादी चुकली असंल."

तरी त्यानं टेप बाहेर काढून पाहिली. लिहिणं बंद ठेवणारी कडी जागच्या जागी होती. त्या टेपवर नवं काही चढणं शक्यच नव्हतं. टेप परत लावून त्यानं हेडफोन कानाला लावला. बेचाळिसाव्या मिनिटाला ओवी संपली, जातं थांबलं. मग नुसती शांतता. बांगड्यांची किणकिण. कुणीतरी तांब्या खाली ठेवला.

गुरुवारी तीच फाईल एकसष्ट मिनिटांची झाली. आता केवळाबाई बोलत होत्या, दमानं, उंबऱ्यात बसल्यासारख्या.

"गीता, केस कशाला कापलेस गं? लई बारीक दिसायलीस."

धम्मानंदनं नांदेडला फोन लावला. "ऐकलंस?"

"हाव."

"केस कधी कापलेस?"

"रविवारी," ती म्हणाली. मग घाईघाईनं, "सर, टेप काढू नका. पाया पडते तुमच्या."

शुक्रवारी अकरा वाजता त्यानं टेप काढली. तिला सांगितलं नाही.

टेप हाताला गरम लागली. यंत्राची खाच रिकामी होती, पण दिवा लुकलुकतच होता. आतून फीत पळाल्याचा आवाज येत होता, सरसर, सरसर.

त्यानं नेटवर्कची वायर उपसली.

आवाज थांबला नाही.

त्यानं फोन लावला. "बंद कर ते."

"थांबा की सर. आई बोलून राहिली."

"गीतांजली, टेप माझ्या हातात हाय."

फोनमध्ये, तिच्या मागच्या स्पीकरवर, तेच वाक्य पुन्हा उमटलं. त्याच्याच आवाजात. पाठोपाठ एका म्हातारीचा खोकला.

"सर," गीतांजली हळूच म्हणाली, "आई म्हणतीय, तुमचे हात कापायलेत. बसून घ्या म्हणतीय."

हात कापत होते.

त्यानं न बघता मागं हात नेला. खुर्ची सकाळपासून खिडकीपाशी होती. आता ती त्याच्या पाठीशीच हाताला लागली.

खुर्चीची बैठक अजून उबदार होती.