तिसरा सर्व्हर

"पंखा दुरुस्त करायला आलात ना? मग शिडी कुठंय?" वृषालीनं विचारलं.

दारातला तरुण निमूट खुर्चीवर चढला, सैल झालेली वायर त्यानं घट्ट बसवली. पंखा फिरू लागल्यावर म्हणाला, "मी हर्षल. पुण्याहून... तुमचे सर्व्हर बसवायला आलोय."

वृषालीला कुठं तोंड लपवू असं झालं.

शेवगावजवळच्या त्या साखर कारखान्यात ती कॉम्प्युटर ऑपरेटर होती. सत्त्याण्णवच्या हंगामात एकुलता एक सर्व्हर भार न पेलून सारखा बंद पडायचा. वजनकाट्यावर पावत्या अडायच्या, उसाच्या गाड्या उन्हात ताटकळायच्या. म्हणून आता त्याच्या जागी दोन नवे सर्व्हर जोडायचे होते; एक पडला तर दुसऱ्यानं सगळं सांभाळायचं. दोन पुरतील का, हे हर्षलनं ठरवायचं होतं.

तो हिशेब मांडायचा, ती आकडे सांगायची. चहाचा कप देताना बोटं लागायची, अन् दोघंही घाईनं स्क्रीनकडे बघायची...

"सर, गाड्या वाढल्या तर?"

"पेलतील."

"अन् त्याच दिवशी पगारही काढायचे झाले तर?"

त्यानं पुन्हा हिशेब केला. "तरी पेलतील."

"म्हणजे तिसरा... लागणारच न्हाई?"

"तिसऱ्याची एवढी हौस?"

"तिसरा लागला तर तो बसवायला तुम्ही हंगामभर राहाल ना—" ती बोलून गेली, अन् तिनं ओठ चावला.

हर्षल हळूच म्हणाला, "अहवालात खोटं कसं लिहू, वृषाली? पण तू चल ना माझ्याबरोबर. लग्न करू. वडिलांनाही नेऊ."

वडील, रंगनाथ, लकव्यानं अंथरुणाला खिळलेले. कूस बदलायलाही त्यांना तिचाच हात लागे. तिनं विचारलं, तर ते खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघत राहिले. "मला हितंच राहू दे, पोरी. तू जा."

त्या "तू जा"नंतर तिला जाणं जमलंच नाही.

"काही बिघडलं तर फोन कर," एसटीच्या खिडकीतून हर्षल म्हणाला. "लगेच येईन."

हंगाम ऐन भरात आला अन् एक सर्व्हर बंद पडला. वृषालीनं आधी फोनचा रिसीव्हर उचलला... पण काट्यावर पावत्या निघतच होत्या. दुसऱ्यानं सगळा भार उचलला होता. हर्षलनं शिकवल्याप्रमाणे तिनं एका हातानं पहिला पुन्हा चालू केला. तोही मुकाट सुरू झाला.

"लई भारी काम केलं त्या पोरानं!" काट्यावरचे गोरक्षनाथ म्हणाले. "आता त्याला बोलवायची गरजच न्हाई."

"व्हय," वृषाली म्हणाली. रिसीव्हर अजून तिच्या हातातच होता.