कोडियक्करैचं पाणी

तंजावूरपासून समुद्र दोन-तीन तासांवर. पण राजवाड्यामागच्या गल्लीत, तुळजाजीच्या हॉलमध्ये, तो काचेच्या टाकीत भरलेला होता. लेक कीर्तना चेन्नईला शिकायला जाताना टाकीतलं मऊ प्रवाळ सोपवून गेली होती. पाच जाड बोटं वर केलेला पंज्याएवढा जीव. आजोबा गेले तेव्हा तिची परीक्षा. फोनवर रडली, "तातांना बघायचं राहिलं. हे तरी जिवंत ठेवा, अप्पा." उद्या तेराव्याला ती येणार होती, आणि प्रवाळ सडत होतं.

तुळजाजी म्हणजे एका खेपेत दोन कामं उरकणारा माणूस. वडिलांच्या, सीतारामरावांच्या अस्थी कोडियक्करैला समुद्रात सोडल्या आणि ओल्या धोतरानिशी तिथलंच पाणी दोन कॅनमध्ये भरलं. भटजी बघतच राहिले.

"टाकीला लागतं," तुळजाजी म्हणाला. "विकतचं मीठ कोण कालवत बसणार?"

ते पाणी घातलं आणि चौथ्या दिवशी बोटं वाकायला लागली. करंगळी, अनामिका, मधलं. सरळ. पुन्हा करंगळी.

"आदिताल," टाकीसमोर काफी घेऊन बसलेली आई, वेंकूबाई म्हणाली. सीतारामरावांनी तिरुवैयारुला जन्मभर गाणं शिकवलं. वाचा गेली तरी इस्पितळात चादरीवर करंगळीपासून एकेक बोट वाकवत तोच ताल मोजत होते.

"पंपाचा झोत आहे, आई."

"पंपाला कुणी शिकवला रे?"

आज अनामिका मुळाशी काळी, बुळबुळीत झाली होती. कीर्तनानं फोनवर उपाय सांगितला: सडकं बोट ब्लेडनं कापा, मग टाकीच्याच पाण्यात आयोडिनचे थेंब घालून बाकीचं दहा मिनिटं बुडवा.

तुळजाजीनं पंप बंद केला, हातमोजे चढवले, हाताला लागलं ते पातेलं उचललं.

"अय्यो, रसमचं पातेलं! उद्या पानं वाढायचीत!" वेंकूबाई ओरडली. मग आवाज खाली आला. "हळू काप. त्यांना सोसायचं नाही."

त्यानं कापलं. बोट बशीत ठेवलं, प्रवाळ पातेल्यात. पाणी तांबूस, निश्चल.

करंगळी वाकली.

मग एक रिकामा ठोका.

मग मधलं.

"जगलं, आई! कीर्तनाला दाखवता येईल!"

वेंकूबाई पातेल्याकडे बघतच नव्हती. ती बशीकडे बघत होती.

करंगळी वाकली.

बशीत, कोरड्यात, कापलेलं बोट वाकलं.

मग पातेल्यात, मधलं.