खुर्चीवर चढता येईल असा झगा

त्या दिवशी नॉर्वेतल्या बर्गनमध्ये नेहमीसारखाच आडवा पाऊस कोसळत होता. ट्रामच्या थांब्यावर माझी छत्री उलटली, तिच्या काड्या मोडल्या, आणि मी ती कचऱ्याच्या डब्यात कोंबायला गेले. डबा आधीच मोडक्या छत्र्यांनी गच्च भरलेला. तेवढ्यात पलीकडून आणखी एक छत्री आत घुसू लागली. वर पाहिलं — निळं जॅकेट, चष्म्यावर थेंब, आणि त्यामागे हसू दाबणारे डोळे...

“आधी तुमची, की माझी?” त्याने विचारलं.

“माझी. माझी जास्त मेलीय.”

“तुम्ही तर पार भिजलात.”

“मी पोहायला शिकवते. ओलं राहणं हाच माझा धंदा.”

“मोठ्यांचाही वर्ग असतो?”

“मंगळवारी. पण टोपी घालावी लागते.”

“माझे कान जरा मोठे आहेत...”

“ते दिसतंच आहे,” मी म्हणाले, आणि तो इतका खळखळून हसला की डोळ्यांदेखत ट्राम निघून गेली तरी मला वाईट वाटलं नाही.

मंगळवारी तो खरंच आला; नाव आयविंद. टोपीत कान आणखीच मोठे दिसत होते. बुडण्याचं नाटक तो इतकं वाईट करायचा की वर्गातल्या आज्या तोंड फिरवून हसायच्या. शाळेत भूगोल शिकवणारा, समुद्राकाठी वाढलेला हा माणूस माशासारखा पोहतो, हे मला लवकरच कळलं. तरी मी त्याला वर्गातून काढलं नाही. का, ते सांगायला नको.

पुढच्या वर्षी त्याच तलावाच्या उथळ भागात त्याने मला मागणी घातली. नेमकं त्याच्या नाकात पाणी गेलेलं.

“सुनिव्हा, माझ्याशी लग्न क—”

“आधी खोक,” मी म्हणाले. तो खोकला. मग मी हो म्हटलं.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. घोळ झाला तो लग्नाच्या झग्याचा.

आयविंदची आई गुद्रुन. तिला तीन मुलगे, मुलगी एकही नाही. “तीस वर्षं फुटबॉलचे बूट निवडलेत गं मी,” ती म्हणाली, “आता तरी मला लेस बघू दे!” तिने निवडलेला झगा सुंदरच होता. पांढरंशुभ्र रेशीम, आवळलेली कंबर, मनगटापर्यंत लेस आणि मागे लांबच लांब सोगा. मी पडद्याआडून बाहेर आले, तशी गुद्रुनने डोळ्यांना रुमाल लावला.

“अगं, ओळखूच येत नाहीस!”

दुकानातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही हसले आणि पुन्हा आरशात पाहिलं. आरशातली मुलगी शांत, नाजूक, जपून श्वास घेणारी होती. ती तलावाच्या काठावरून कधी ‘पाय मारा, पाय!’ म्हणून ओरडली नसती. पण गुद्रुनचा आनंद पाहून मला नको म्हणवेना. मी हो म्हणून बसले.

“कसा आहे झगा?” आयविंद रोज विचारायचा. “एवढंच सांग.”

“पांढरा.”

“आणि?”

“आणि गप्प बस. लग्नाआधी नवऱ्याने विचारायचं नसतं.”

“तू खूश नाहीस...”

“भूक लागलीय,” मी खोटंच बोलले.

खरी भीती त्याला कशी सांगणार? चर्चच्या दारात त्या परक्या, नाजूक मुलीला पाहून हा हरखून गेला, तर? मग जन्मभर त्याला तीच हवी झाली, तर? मी तिला कुठून आणू?

शेवटचं माप द्यायला गेले तेव्हा गुद्रुनसोबत मारितही होती. ती माझ्यासोबतच तलावावर शिकवते, आणि तिच्या जिभेला हाड नाही. तिने माझ्याभोवती एक चक्कर मारली.

“छान. आता या स्टुलावर चढ.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? आपली रीतच आहे ना, जेवताना पाहुणे ग्लास वाजवणार, तेव्हा खुर्चीवर उभं राहून नवऱ्याचं चुंबन कोण घेणार, मी? त्यांनी पाय आपटले की टेबलाखाली घुसून घ्यायचं. तुझे काका तर ग्लास वाजवायचे थांबतच नाहीत!”

मी पाय उचलला. गुडघा वीतभर वर जाऊन अडकला. मग मी तिरकी झाले, सोगा कवटाळला, मारितने मागून ढकललं, आणि काखेत टर्र... असा आवाज झाला. मला हसू फुटलं. हसता हसता कधी रडू लागले, कळलंच नाही.

“गुद्रुन, मला हा नको गं,” मी म्हणाले. “सुंदर आहे. पण यात मी नाहीये.”

गुद्रुन हळूच त्या स्टुलावर बसली.

“माझ्या लग्नात मला दोन दिरांनी उचलून खुर्चीवर ठेवलं होतं,” ती म्हणाली. “पिठाच्या पोत्यासारखं. दर वेळी. तो झगा सासूबाईंनी निवडला होता.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“मला कोणी विचारलंच नाही.” ती थांबली. “आणि मीही तुला नाही विचारलं, हो ना? तुला कसला हवाय?”

“हिरवा.”

“हिरवा?”

“हिरवा. घेरदार. खिसे असलेला.”

“अरे देवा... बरं. पण निदान केस तरी वाळवून ये!”

मी तिला घट्ट मिठी मारली. किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला! त्या दुपारी आम्ही तिघींनी मिळून दालचिनीचे पाव फस्त केले.

लग्नाच्या दिवशी मात्र पुन्हा तीच भीती. गुद्रुनची समजूत पटली होती... पण आयविंद? चर्चचं दार उघडलं, ऑर्गन सुरू झाला, आणि बाकांवर कुजबुज उठली — “हिरवा?” मी वडिलांचा हात धरून चालू लागले. पुढे उभा असलेला आयविंद वळला. माझ्याकडे पाहतच राहिला. मग त्याचे ताठलेले खांदे एकदम खाली आले, आणि त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की पुढच्या बाकावरचे लोक हसले.

“काय झालं रे?” जवळ जाताच मी कुजबुजले.

“आई मध्यंतरी सारखी सांगत होती, तू ओळखूच येणार नाहीस म्हणून. मला तर घाम फुटला होता, सुनिव्हा. ओळखू आली नाहीस, तर हो कुणाला म्हणू?”

“मग? आले ओळखू?”

“हो!” तो म्हणाला. एवढ्या मोठ्याने, की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

“थांबा,” पाद्रीबाई म्हणाल्या, “मी अजून काही विचारलंच नाही.”

“चालेल,” मी म्हटलं. “माझंही हो आहे.”